दोघांसाठी फिफ्थ-व्हील: आधी फ्लोअर प्लॅन ठरवा, मग पिकअप, मग पैसे

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, बायको ६०. डिसेंबर २०२६ मध्ये दोघंही निवृत्त होतोय. मिशिगनमधल्या कँटनचं घर फिटलंय, पुण्यात कोथरूडला फ्लॅट आहे. निवृत्तीच्या खात्यांत (४०१-के आणि आयआरए) मिळून साडेअकरा लाख डॉलर, ब्रोकरेज खात्यात १ लाख ८० हजार, अडीअडचणीसाठी बँकेत ६० हजार. वर्षाचा खर्च ७२ हजार धरलाय. मे ते सप्टेंबर ट्रेलर घेऊन अमेरिका (ग्लेशियर, झायन ही राष्ट्रीय उद्यानं तर नक्की) बघायची आणि थंडीत पुण्याला राहायचं, असा विचार आहे. जवळच्या नोवायच्या प्रदर्शनात ४१ फुटी फिफ्थ-व्हील (पिकअपच्या हौद्यात टेकवून ओढायचा, राहायची सोय असलेला ट्रेलर) आवडला. चार स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकवायचे भाग), मधे लेक येईल तेव्हा नातवंडांसाठी बंकची खोली, किंमत ९४ हजार, बयाणा दिलाय. डीलर ८५ हजारांचं कर्ज २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी देतोय आणि व्याजावर कर वाचेल म्हणतोय. ओढायला ७४ हजारांचा नवा थ्री-क्वार्टर टन (मधल्या वर्गातला) डिझेल पिकअप बघितलाय, 'सहज ओढेल' म्हणतात. त्याच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो जोडतोय. पिकअपसाठी पुण्याचा फ्लॅट विकावा का? हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिचा प्रश्न एकच: आत पोळ्या कुठे लाटायच्या?

उत्तर:

नमस्कार. आधी निर्णय सांगतो. फिफ्थ-व्हील घ्या, पण हा नको. दोघांच्या रोजच्या राहण्याला बेतलेला, ३० ते ३२ फुटी, तीन-चार वर्षं वापरलेला घ्या आणि कर्ज काढू नका. ट्रेलर, पिकअप, कर, हिच (ट्रेलर जोडायचं साधन), तपासणी सगळं धरून एक लाख डॉलरची मर्यादा ठेवा. पुण्याच्या फ्लॅटला हात लावू नका.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वहिनींचा आहे, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ट्रेलरच्या व्यवहारात पैशाची प्रत्येक ओळ फ्लोअर प्लॅनपासून सुरू होते. खोल्या वाढल्या की लांबी वाढते, लांबीने वजन वाढतं, वजन पिकअप ठरवतं आणि पिकअप तुमची निवृत्तीची शिल्लक ठरवतो. तुम्ही बंकच्या खोलीवर हो म्हणालात तेव्हाच बाकीचं सगळं ठरून गेलं, फक्त ते बिलावर दिसायचं होतं.

कसं ते तुम्हीच पाठवलेल्या स्टिकरवरून बघू. त्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून २,२४० पाउंडांच्या वर जाता कामा नये. फिफ्थ-व्हीलचा पुढचा भाग पिकअपच्या मागच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर टेकतो, आणि ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा २० ते २५ टक्के भार तिथल्या पिनवर येतो. तुमच्या ४१ फुटी ट्रेलरचं कमाल वजन १६,८०० पाउंड. म्हणजे पिनवर ३,३६० ते ४,२०० पाउंड. त्यात हिचचं वजन, तुम्ही दोघं, टूलबॉक्स आणि मागच्या सीटवरच्या पिशव्या मिळून सहाशे पाउंड तरी धरा. चार हजारांच्या आसपास सुरुवात आणि अठ्ठेचाळीसशेपर्यंत मजल. २,२४० पाउंडांच्या गाडीवर हे लादता येत नाही. 'सहज ओढेल' असं सांगणारा माणूस ओढण्याच्या ताकदीबद्दल बोलत असतो आणि त्यात तो खोटं बोलत नाही, डिझेल इंजिन ओढतंच. पण ते इंजिन स्वतः जड असतं म्हणूनच त्या पिकअपची भार सोसायची क्षमता कमी राहते. माहितीपत्रकातलं पिनचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, त्यावर जाऊ नका.

तेव्हा हाच ट्रेलर हवा असेल तर वन-टन म्हणजे वरच्या वर्गातला, मागे चार चाकांचा ड्युअली पिकअप लागेल. तो डिझेलमध्ये नवा घेतला तर ८५ हजार धरा. ९४ आणि ८५ मिळून १ लाख ७९ हजार, त्यावर मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर १०,७४०. एकूण १,८९,७४०. त्यातले ८५ हजार कर्जाचे. उरलेले १,०४,७४० तुमच्या खिशातून रोख.

आता माझा पर्याय. वापरलेला ३२ फुटी ट्रेलर ४२ हजार, वापरलेला वन-टन पेट्रोल पिकअप ४८ हजार, कर ५,४००. एकूण ९५,४००. कर्ज शून्य. म्हणजे मोठ्या ट्रेलरसाठी कर्ज काढूनही तुमची जेवढी रोख जाते, त्यापेक्षा कमी रकमेत हा सगळा व्यवहार संपतो. या दोन बेरजा-वजाबाक्या वहिनींसोबत बसून एकदा स्वतः करून बघा.

कर्जाचंही बघू. ८५ हजार, २० वर्षं, ८ टक्के. हप्ता साधारण ७११ डॉलर. वीस वर्षांत फेड १,७०,६०० च्या आसपास, म्हणजे व्याजच मुद्दलाएवढं. पाच वर्षांनी फिरण्याची हौस भागली आणि ट्रेलर विकायला काढलात, तर बँकेचे तेव्हाही सुमारे ७४,४०० देणे असतील. नव्या ट्रेलरची किंमत पहिल्या वर्षीच घसघशीत उतरते. पाच वर्षांनी त्याचे ५५ हजार आले तर विकून मोकळं व्हायलाही पदरचे वीस हजार घालावे लागतील. वयाच्या ६७व्या वर्षी एखाद्याची तब्येत बिघडली म्हणून विकायची वेळ आली, तर हा बोजा फार वाईट वेळी अंगावर येतो.

व्याजावर कर वाचतो हे कागदावर खरं आहे. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेला ट्रेलर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नियमात दुसरं घर ठरू शकतो. पण ती वजावट मिळते ती वजावटी सुट्या मांडणाऱ्यांना. २०२६ साठी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट, ३२,२०० डॉलर आहे. तुमचं घर फिटलेलं, तिथलं व्याज नाही. ट्रेलरचं पहिल्या वर्षाचं व्याज पावणेसात हजारांच्या घरात आणि वर घराचा प्रॉपर्टी टॅक्स. हे सगळं मिळूनही ३२ हजारांच्या जवळ पोचत नाही. तुमच्या बाबतीत फायदा शून्य.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ब्रोकरेज खात्याची. तुम्ही त्याच्याकडे शिल्लक म्हणून बघताय. मी त्याच्याकडे निवृत्तीपासून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) सुरू होईपर्यंतचा पूल म्हणून बघतो. तुमच्या जन्मवर्षाला पूर्ण पेन्शनचं वय ६७ आहे. ६२ला सुरू केलीत तर रक्कम ३० टक्क्यांनी कमी होते आणि ती कपात कायमची असते. ६७ला महिना ३,२०० मिळणार असतील तर ६२ला २,२४० मिळतील. दरमहा ९६० कमी, तेही आयुष्यभर, आणि मागे राहणाऱ्या जोडीदाराच्या रकमेवरही त्याचा परिणाम होतो. ब्रोकरेजमधले एक लाख पाच हजार पहिल्याच वर्षी काढले आणि वर वर्षाला साडेआठ हजारांचे हप्ते मागे लावून घेतले, की दोन वर्षांत तुम्ही पेन्शन लवकर सुरू करण्याच्या गोष्टी बोलू लागाल. ट्रेलरची खरी किंमत ती असेल.

माझ्या पर्यायातही ९५ हजार जातात, हे मला मान्य आहे. खात्यात ८५ हजार उरतात, कर्ज नसतं आणि बँकेतले ६० हजार तसेच राहतात. त्याला मी हो म्हणू शकतो. एक लाखाच्या वर मात्र नाही, मग ट्रेलर कितीही देखणा असो.

आता फ्लोअर प्लॅनकडे येतो, कारण निर्णय तिथेच आहे.

प्रदर्शनात ट्रेलर बघताना चारही स्लाइड बाहेर काढलेल्या असतात, दिवे लागलेले असतात, दहा माणसं आत मावतात. तुमचा बराचसा वेळ मात्र स्लाइड आत असताना जाणार आहे: दुपारी रस्त्याच्या कडेच्या रेस्ट एरियात डबा खाताना, पावसात पोचल्यावर, एखाद्या रात्री नुसतं गाडी लावून झोपताना. म्हणून डीलरला सगळ्या स्लाइड आत घ्यायला सांगा आणि मग दारातून आत शिरून तीन गोष्टी करून बघा. टॉयलेटपर्यंत पोचता येतं का. फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का. पलंगावर चढता येतं का. समोरासमोर स्लाइड आणि मधे ओटा, अशा प्लॅनमध्ये स्लाइड आत आली की बऱ्याचदा फ्रिज ओट्याच्या मागे कोंडला जातो. साधं ताक प्यायचं म्हटलं तरी जॅक लावून, गाडी समतल करून, स्लाइड बाहेर काढावी लागते. शिवाय प्रत्येक स्लाइडला मोटर आहे, रबरी सील आहे, आणि पाणी झिरपायची एक जागा आहे. चारऐवजी दोन स्लाइड असतील तर दुरुस्तीचा खर्च आणि धास्ती दोन्ही कमी.

वहिनींच्या पोळ्या. ट्रेलरच्या स्वयंपाकघरात फोटोत दिसणारा ओटा बराचसा सिंकने आणि शेगडीने खाल्लेला असतो. शेगडीवरची काच खाली पाडली की ओटा मोठा दिसतो, पण स्वयंपाक करताना ती उघडीच असणार. म्हणून टेप घेऊन जा आणि शेगडीच्या लगेच शेजारी मोकळी जागा किती उरते ते मोजा. पोळपाट ठेवून लाटणं मोकळं फिरायला हवं आणि शेजारी कणकेची परात हवी, तर दोन-सव्वादोन फूट सलग जागा लागते. मधला ओटा असेल तर तिथे लाटता येईल, पण तो शेगडीपासून एका पावलावर आहे की वळून तीन पावलांवर, हे उभं राहून बघा. मी तर म्हणेन, घरून पोळपाट आणि तवाच घेऊन जा. तीन बर्नर लिहिलेले असतात, पण ते इतके जवळ असतात की तवा ठेवला की शेजारी कढई बसत नाही. वर मायक्रोवेव्ह खाली आलेला असेल तर पाच लिटरचा कुकर त्याच्याखाली शिट्टी कुठे काढणार, तेही बघा.

फोडणीचा धूर ही आपल्या घरांची खरी अडचण आहे आणि विक्रेत्याला ती सुचत नाही. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून पुन्हा आतच सोडतो, हे विचारू नका, बघा. पंखा सुरू करा, बाहेर जा आणि भिंतीवरची झडप उघडते का ते पाहा. प्रवासात वाऱ्याने फडफडू नये म्हणून तिला बाहेरून खिटी असते, ती आधी सोडवावी लागते. आत सोडणारा पंखा असेल तर मिरची-लसणाचा वास गादीत, पडद्यात आणि सोफ्यात बसतो, आणि उद्या विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच हुंगतं. स्वयंपाकघर मागच्या टोकाला असलेला प्लॅन याबाबतीत चांगला: तिन्ही बाजूंना खिडक्या मिळतात, ओटा लांब असतो आणि झोपायची खोली दुसऱ्या टोकाला राहते. एक तोटा आहे. मागचं टोक रस्त्यावर सगळ्यात जास्त आदळतं, त्यामुळे बरण्या आणि काचेची भांडी नीट बांधून ठेवावी लागतील.

झोपायची खोली फिफ्थ-व्हीलमध्ये पिकअपच्या वर येते, म्हणून आत दोन-तीन पायऱ्या असतात. बाथरूम बहुधा त्याच पातळीवर, शेजारी. गुडघ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था चांगली आहे, रात्री उठल्यावर पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. पण दिवसभर बैठकीतून टॉयलेटला जायचं तर प्रत्येक वेळी चढावं लागेल. वहिनींना त्या पायऱ्या एकदा नव्हे, पाच-सहा वेळा चढ-उतार करायला लावा, आधाराचा दांडा कुठे हाताशी येतो ते बघा. बाहेरच्या दाराच्या पायऱ्याही तशाच तपासा. जमिनीवर टेकणाऱ्या भक्कम पायऱ्या, अधांतरी लोंबणाऱ्या नकोत. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी चालता यायला हवं. एका बाजूने भिंतीला चिकटलेला पलंग असेल तर आतल्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागतं, आणि साठीनंतर रात्री उठणं टळत नाही. गादी ८० इंची आहे की ७४-७५ इंची, तेही मोजा. कित्येक ट्रेलरमध्ये क्वीन म्हणून आखूड गादी देतात आणि उंच माणसाचे पाय बाहेर येतात.

पाण्याच्या टाक्यांबद्दल कुणी विचारत नाही, पण एका जागी किती दिवस राहता येईल हे त्याच ठरवतात. सिंक-शॉवरचं पाणी एका टाकीत, टॉयलेटचं दुसऱ्या टाकीत. आपण नळ सोडून भांडी धुतो, त्यामुळे पहिली टाकी झपाट्याने भरते. टॉयलेटमध्ये जेट बसवणार असाल तर ती टाकीही लवकर भरेल. जिथे थेट गटाराची जोडणी नाही अशा सरकारी कॅम्पग्राउंडवर हे चौथ्या दिवशी कळतं. पिण्या-वापरण्याचं पाणी भरून नेणार असाल तर एक गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड, ८० गॅलन भरले की ६६७ पाउंड गेले. दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर सामानाची क्षमता लिहिलेली असते. कपाटं भरपूर आणि क्षमता तुटपुंजी असे प्लॅन बाजारात पुष्कळ आहेत.

आता बंकची खोली. नातवंडांवरच्या मायेपोटी ती निवडलीत हे समजतं, आणि ती माया मला मोडायची नाही. तुमची लेक आणि मुलं उन्हाळ्यात किती येतील? वर्षाच्या १२० रात्रींतल्या दहा रात्री धरू. त्या दहा रात्रींसाठी तुम्ही उरलेल्या एकशे दहा रात्री एक रिकामी खोली डोंगर चढवत फिरणार. बत्तीस फुटी प्लॅनमध्येही उघडून पलंग होणारा सोफा आणि खाली पाडता येणारं जेवणाचं टेबल असतं. दोन मुलं त्यावर आनंदाने झोपतात. लेक-जावयाला शेजारीच एक केबिन घेऊन द्या, केओएसारख्या कॅम्पग्राउंडवर ती मिळतात. वर्षाचे दीड हजार डॉलर त्यासाठी राखून ठेवले तरी पाच वर्षांचे साडेसात हजार होतात. दोन पर्यायांतला फरक ९४ हजारांचा आहे.

लांबीचा आणखी एक खर्च आहे, तो डॉलरमध्ये दिसत नाही. राष्ट्रीय उद्यानांतली बरीच कॅम्पग्राउंड जुनी, लहान ट्रेलरसाठी आखलेली आहेत. ४१ फुटी ट्रेलरला तिथे जागा मिळवणं कठीण, मग उद्यानाबाहेरच्या महागड्या खासगी जागेत राहून रोज तासभर आत-बाहेर करायचं. तुम्ही पत्रात ग्लेशियर आणि झायनची नावं लिहिली आहेत. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहन चालत नाही, आणि झायनच्या बोगद्यातून जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचाहून उंच वाहन नेता येत नाही. बहुतेक फिफ्थ-व्हील त्याहून उंच असतात. हे ३२ फुटीलाही लागू आहेच. पण ३२ फुटी घेऊन तुम्हाला जवळपास मुक्काम मिळायची शक्यता खूप जास्त, आणि ट्रेलर सोडून नुसता पिकअप घेऊन आत जाता येतं. पिकअपसुद्धा म्हणूनच अवाढव्य नको: क्रू कॅबचा (चार दारांचा) मोठा पिकअप स्वतःच २१ फुटांच्या जवळ किंवा पुढे जातो, तेव्हा घेताना त्याचीही लांबी मोजा. तुम्ही यंदा ६२ पूर्ण कराल. लगेच ८० डॉलरचा आजन्म सीनियर पास काढा. प्रवेश मोफत आणि अनेक केंद्र सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं.

पाच वर्षांचा, वर्षाला १२० रात्रींचा हिशेब मी मांडून पाहिला. विकताना येणाऱ्या किमती हे माझे अंदाज आहेत, थोडे वर-खाली होतील. मोठा ट्रेलर: ट्रेलरची घट ३९ हजार, पिकअपची ३५ हजार, कर पावणेअकरा हजार, पाच वर्षांचं व्याज ३२ हजार, विमा-साठवण-देखभाल वर्षाला पाच हजार. एकूण १ लाख ४२ हजारांच्या आसपास, म्हणजे रात्रीला २३६ डॉलर. यात कॅम्पग्राउंडचं भाडं आणि इंधन नाही. छोटा, वापरलेला: घट १४ आणि १६ हजार, कर ५,४००, देखभाल तेवढीच धरली. एकूण ६० हजारांच्या पुढे थोडं, रात्रीला १०१ डॉलर. २३६ डॉलरमध्ये दोघांना ठिकठिकाणी चांगलं हॉटेल मिळतं. १०१ला, स्वतःच्या गादीवर, स्वतःच्या हातचं खात, मला हा खर्च पटतो.

पुण्याचा फ्लॅट विकू नका म्हणालो, त्याचं कारण करापुरतं नाही. चार महिने राहायला तुम्हाला तिथे घर लागणारच आहे, आणि ट्रेलर विकल्यानंतरही लागेल. करही आहेच: भारतात दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर, एनआरआय विक्रेता म्हणून खरेदीदार करणार ती मोठी टीडीएस कपात, आणि तोच नफा अमेरिकेच्या रिटर्नमध्येही दाखवायचा. तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण उत्पन्न फुगतंच.

आणि उत्पन्न फुगणं तुम्हाला २०२७ पासून महागात पडेल. दोघंही निवृत्त झाल्यावर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळेपर्यंत तुम्हाला मार्केटप्लेस या सरकारी विमा बाजारातून विमा घ्यावा लागेल. सध्याच्या नियमाने उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या वर गेलं की सबसिडी पूर्ण बंद होते. २०२६ साठी दोघांच्या घराला ती रेषा ८४,६०० डॉलर आहे, पुढच्या वर्षी थोडी सरकेल. साठीतल्या दोघांचा बिनसबसिडीचा विमा वर्षाला वीस हजारांच्या पुढे सहज जातो. म्हणून पिकअपसाठी निवृत्तीनंतर ४०१-केमधून रक्कम काढायची नाही. साडेएकोणसाठ ओलांडल्यामुळे दंड नाही, पण काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात मोजला जातो. ब्रोकरेजमधले शेअर विकले तर फक्त नफा मोजला जातो. ही विक्री याच वर्षी, पगार आणि कंपनीचा विमा चालू असतानाच करा. ९५ हजारांच्या विक्रीत ३५ हजार दीर्घ मुदतीचा नफा असेल तर १५ टक्क्यांनी ५,२५० डॉलर केंद्राचा कर, शिवाय मिशिगनचा वेगळा. हा कर आज भरणं, पुढच्या वर्षी अख्खी सबसिडी घालवण्यापेक्षा स्वस्त आहे. आलेली रक्कम मनी मार्केटमध्ये ठेवा.

विमा निवडताना एक बघा. मिशिगनच्या एचएमओमध्ये (ठरावीक डॉक्टरांशी बांधलेल्या विम्यात) राज्याबाहेर साधारणपणे फक्त तातडीचे उपचार धरले जातात. पाच महिने फिरणाऱ्यांनी राज्याबाहेर डॉक्टर मिळतील असं नेटवर्क शोधावं, हप्ता जास्त असला तरी.

खरेदीची घाई नाही. या सप्टेंबरमध्ये दोन आठवडे काढा आणि असाच प्लॅन असलेला ट्रेलर भाड्याने घ्या. आउटडोअरझी किंवा आरव्हीशेअर या भाड्याच्या संकेतस्थळांवर असे मालक मिळतात जे ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून, जोडून देतात, तेव्हा पिकअप नसला तरी चालतं. लडिंग्टन किंवा ट्रॅव्हर्स सिटीच्या बाजूला जा. बाहेर जेवायचं नाही; रोज पोळी-भाजी-कुकर आतच करा. एक रात्र स्लाइड न उघडता काढा. एक दिवस दोघांनी पाऊस पडतोय असं समजून आतच बसून काढा. परत आल्यावर वहिनींनी नाही म्हटलं, तर पुढचं काही करू नका आणि मला कळवा, आपण ती रक्कम दुसरीकडे लावू.

हो म्हणाल्या तर नोव्हेंबरपासून शोधायला लागा. मिशिगनमध्ये थंडीच्या तोंडावर ट्रेलर ठेवायचा खर्च नको म्हणून लोक विकायला काढतात आणि भाव पडतात. पसंत पडला की स्वतंत्र तपासनीस लावा. एनआरव्हीआयए या ट्रेलर तपासनिसांच्या संघटनेचे प्रमाणित तपासनीस असतात. हजारभर डॉलर जातील, जाऊ द्या. छताचे सांधे, स्लाइडचे कोपरे, पलंगाखालची प्लाय दाबून कुठे मऊ लागते का, हे त्यांना बारकाईने बघायला सांगा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. टायरवर डीओटीनंतर शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांपेक्षा जुने असतील तर नव्या संचाची किंमत भावातून वजा करून मागा. आधीच्या मालकाने दर हिवाळ्यात पाइपांतलं पाणी काढून अँटीफ्रीझ भरल्याची नोंद आहे का तेही विचारा. तुम्ही पुण्याला असताना हे काम तुम्हालाही कुणाला तरी नेमून द्यावं लागेल.

डीलरकडून घेतलात तर शेवटच्या टेबलावर एक्स्टेंडेड वॉरंटी, कापडाचं संरक्षण, टायर-चाकांचा करार असं एकेक पुढे येईल. त्या दिवशी कशावरही सही नको, कागद घरी आणा.

ट्रेलर ठरल्यावरच पिकअप बघायचा, आधी नाही. ११,५०० पाउंडांच्या ट्रेलरला पिनवर २,३०० ते २,८७५ आणि वर सहाशे, म्हणजे दारावरच्या स्टिकरवर साडेतीन हजार पाउंड तरी हवेत. मागे दोनच चाकांचा वन-टन पेट्रोल पिकअप यात बसतो. हौदा आखूड असेल तर वळताना ट्रेलरचा कोपरा कॅबला लागू नये म्हणून सरकणारा हिच घ्यावा लागेल, त्याचे पैसे मर्यादेतच धरा.

डीलरला दिलेली बयाण्याची रक्कम परत मिळण्याची मुदत करारात असेल, ती आजच वाचा. आणि सप्टेंबरच्या आधी मला दोन कागद पाठवा: ब्रोकरेज खात्यातल्या प्रत्येक शेअरची खरेदीची तारीख व किंमत, आणि तुम्हा दोघांचं सोशल सिक्युरिटीचं स्टेटमेंट. कुठले शेअर विकायचे ते त्यावरून ठरवू.